अंजुणे धरणात कायाक घालता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात चोर्ला घाटातून दिसणाऱ्या अंजुण्याच्या जलाशयात नोव्हेंबरात पहाटे कायाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) घालायचा बेत आहे. दोघंच आहोत, लाईफ जॅकेट आहेत, इंजिन-बिंजिन काही नाही. परवानगी जलस्रोत खात्याची पुरते की म्हादई अभयारण्य लागूनच असल्यामुळे वन खात्याचीही लागते? अर्ज नेमका कुठल्या कचेरीत द्यायचा? केरीच्या बाजूने पाण्यापर्यंत कायाक उचलून नेण्याजोगी वाट आहे का? मे महिन्यात पाणी आटून चिखल तुडवावा लागेल, म्हणून पावसानंतरचा मुहूर्त धरलाय. घाटाकडून वारा साधारण किती वाजता सुटतो? आणि मगरी? (घरच्यांचा पहिला प्रश्न तोच!) सत्तरी तालुक्यातल्या, म्हणजे तिथल्याच कुणी सांगितलं तर उत्तम. मयेच्या तळ्यावर पेडल बोट मिळते हे ठाऊक आहे, ते कृपया सुचवू नका.