बाळंतपणानंतर टाक्यांशेजारी रक्ताची गाठ, बसता येत नाही. मदत हवी आहे

माझं पहिलंच बाळंतपण, आज सातवा दिवस. बाळ बाहेर काढायला व्हॅक्यूम (डोक्याला लावून ओढायचं साधन) लावावा लागला, टाके पडले. बाळ छान आहे.

प्रसूतीनंतर दोनेक तासांनी टाक्यांच्या उजव्या बाजूला भयंकर ठणका सुरू झाला. संडासला लागल्यासारखा सतत दाब, पण होत काहीच नव्हतं. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा उत्तर एकच: "टाके आहेत, दुखणारच." तिसऱ्यांदा रडतच म्हटलं, हे टाक्यांचं दुखणं नाही, आत काहीतरी फुगतंय. मग डॉक्टरांनी तपासलं. योनीमुखाची ती बाजू काळीजांभळी, तकतकीत, फुग्यासारखी ताणलेली. हिमॅटोमा म्हणाल्या, म्हणजे आत रक्तवाहिनी फुटून रक्त साकळलेलं. साधारण ४ सेंटिमीटर. पेनने कडेने रेघ ओढली आणि सूज रेघेबाहेर जाते का ते पाहत राहिल्या. जोडीला नाडी, बीपी, हिमोग्लोबिन. लघवी अडली म्हणून एक दिवस नळी होती. सूज वाढली नाही, त्यामुळे कापून रक्त काढावं लागलं नाही. काही आठवड्यांत आपोआप जिरेल म्हणाल्या.

कापडात गुंडाळून बर्फ लावत होते, ठणका बराच कमी आहे. पण जांभळा रंग आता मांडीपर्यंत उतरलाय, कडेला हिरवट-पिवळा दिसतो, आणि सूज ओसरली तरी हाताला सुपारीएवढी टणक गाठ लागते. हे जिरण्याचंच लक्षण ना? दूध कुशीवर झोपूनच पाजते. शीला जायची तर इतकी धास्ती बसलीय की कालपासून टाळतेय. पुढची तपासणी चार दिवसांनी आहे. यातून गेलेल्या कुणी सांगाल का?

प्रतिसाद:
ताई, तिसऱ्यांदा सांगितलंत ते फार बरं केलंत. माझी गाठ वाढतच गेली, भूल देऊन कापून काढावी लागली. रंग खाली उतरून हिरवट-पिवळा होणं म्हणजे साकळलेलं रक्त विरतंय, मुका मार लागल्यावर होतं तसंच. टणकपणा सगळ्यात शेवटी जातो. सारखी दाबून बघू नका, चोळू तर नकाच.

शी अजिबात टाळू नका, खडा झाला की जास्त त्रास. डॉक्टरांना आजच फोन करून शी मऊ होण्याचं औषध मागा. जाताना पायाखाली छोटा पाट घ्या, स्वच्छ कापडाची घडी टाक्यांवर हलकेच धरा, कुंथू नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल अंगावर पाजतानाही चालते. ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

आणि गाठ पुन्हा वाढली, ठणका परत आला, ताप, घाण वासाचा स्राव, लघवी अडणं, चक्कर किंवा धडधड, यातलं काहीही झालं तर चार दिवस थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. पॅडवर रक्त कमी दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, आत साकळणारं रक्त पॅडवर येतच नाही.

धागाकर्ती:
फोन केला, औषध लिहून दिलंय आणि तपासणीला उद्याच बोलावलंय. पाटाचं आत्ताच घरात सांगितलं.