अवघड बाळंतपणामुळे ऑटिझम होतो का? मदत हवी आहे

कोरांटी
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा आता तीन वर्षांचा होईल. गेल्या महिन्यात डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियननी ऑटिझम सांगितला. शब्द मोजकेच. नावाने हाक मारली तर बघत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, माझं मनगट धरून फ्रिजपर्यंत नेतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घेतलंय, निदानाबद्दल शंका नाही. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू केलंय.

डोक्यात घोळतंय ते बाळंतपण. दिवस पूर्ण भरले होते. कळा येईनात म्हणून सलाईनमधून कळांचं औषध लावलं. रात्रभर कळा दिल्या, पण पिशवीचं तोंड पुरेसं उघडेना. पहाटे बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, पाणी हिरवं आलं, मग धावपळ करून सीझर. मानेभोवती नाळेचा वेढा होता. रडला उशिरा. काचेत ठेवलं होतं, काविळीसाठी लाइटखालीही. घरी आणल्यावर कितीतरी दिवस दूध नीट ओढत नव्हता.

घरात प्रत्येकाचा निकाल तयार आहे. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांनी बाई अडू दिली, सीझर आधीच करायला हवं होतं. माझी आई म्हणते, सीझर केलं म्हणूनच हे झालं. जाऊबाईंनी कुठेतरी वाचलंय की पाठीत इंजेक्शन घेऊन कळा दिल्या की असं होतं (मी कळांसाठी ते घेतलंच नव्हतं). नवरा म्हणतो हॉस्पिटलवर केस करू. आणि सासूबाईच त्याच दमात म्हणतात, "बोलेल गं, याचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता."

प्रत्येक थेरपिस्टच्या फॉर्मवर पहिल्या पानावर तेच: जन्मतः रडला का, काचेत होता का, सीझर का केलं. मग वाटतं, विचारतात म्हणजे संबंध असणारच. खरंच असतो का? असेल तर यातल्या नेमक्या कशाचा? दुसऱ्या मुलाचा विचार करावा का? कोणी नीट समजावून सांगेल का?

येडा_राघू
वाचतोय. माहिती काही नाही, पण घरातल्या वकिलांना आधी गप्प बसवा.

दाभण
कोरांटीताई, मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. तुमच्या बाळाला पाहिलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

संबंध आकडेवारीत दिसतो, हे खरं. २०११ साली पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. बाळाचे ठोके कमी होणं, नाळेच्या अडचणी, पोटातच शी होऊन ती फुफ्फुसात जाणं, कमी वजन, पाचव्या मिनिटाचा अपगार (जन्मल्यावर बाळाच्या तब्येतीला दिलेले दहापैकी गुण) कमी, कावीळ, दूध ओढायला त्रास, हे सगळं ऑटिझम असलेल्या मुलांच्या इतिहासात थोडं जास्त सापडलं. तुमची जवळजवळ अख्खी गोष्ट त्या यादीत आहे, म्हणून ती वाचून झोप उडेल. पण त्याच लेखकांचा निष्कर्ष असा की यातल्या कुठल्याही एका गोष्टीला कारण ठरवण्याइतका पुरावा नाही. चिमटा-व्हॅक्युम लावून झालेल्या प्रसूतीशी तर संबंध दिसलाच नाही. बाळंतपणातली नुसती ओढाताणच कारण असती, तर तो तिथे आधी दिसायला हवा होता.

दुसरी शक्यता उलट दिशेची आहे. ज्या बाळाच्या मेंदूची घडण पोटातच वेगळी होत आलीय, ते बाळंतपणाच्या ताणात लवकर थकू शकतं, जन्मल्यावर दूध नीट ओढत नाही. म्हणजे अवघड बाळंतपण हे कारण नसून आधीच असलेल्या वेगळेपणाची पहिली खूणही असू शकते. १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या होत्या. आनुवंशिकतेकडे पहिलं ठळक बोट तिथे दाखवलं गेलं, पण दोघांपैकी एकालाच ऑटिझम होता अशा बऱ्याच जोड्यांत त्या एकालाच जन्माच्या वेळी त्रास झालेला होता. तेव्हा त्याचा अर्थ 'जन्माच्या वेळची इजा' असा लावला गेला. पुढे 'हा त्रास कारण की परिणाम' हा वाद सुरू झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

सीझरचं मात्र बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. स्वीडनमध्ये १९८२ ते २०१० मध्ये जन्मलेल्या सुमारे २७ लाख मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. आधीच ठरवून केलेल्या सीझरच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी जास्त दिसलं. मग त्यांनी एकाच आईची मुलं घेतली, एक सीझरचं आणि दुसरं नाही, अशी. फरक गेला! म्हणजे तो सीझरमुळे नसावा. कळांच्या औषधाचंही तसंच: २०१३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदींत संबंध दिसला, २०१६ मध्ये स्वीडिश भावंडांच्या तुलनेत तो उरला नाही. जाऊबाईंनी पाठीतल्या इंजेक्शनबद्दल वाचलं ते २०२० च्या कॅलिफोर्नियाच्या अभ्यासाचं असणार. पुढच्याच वर्षी कॅनडा आणि डेन्मार्कच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला नाही. पहिल्या बातमीची हेडलाइन होते, दुसरीची होत नाही.

अकाली जन्माचा संबंध मात्र पक्का दिसतो. स्वीडनच्याच २०२१ च्या अभ्यासात दिवस पूर्ण भरलेल्यांत १.४ टक्के, तर २२ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्यांत ६.१ टक्के. तुमचं बाळ त्यात बसत नाही.

फिका_स्टॉकहोम
सारखं स्वीडनच का, असं कोणी विचारायच्या आत: इथे प्रत्येकाला व्यक्तिक्रमांक असतो आणि १९७३ पासून देशभरातल्या बाळंतपणांची नोंदवही आहे. त्यामुळे प्रसूतीची नोंद आणि पुढचं निदान जोडता येतं, भावंडंही सापडतात.

हुमण
पण आपल्याकडे बाळ उशिरा रडणं हे स्वीडनपेक्षा कितीतरी जास्त घडतं. तिथले आकडे आपल्याला तसेच्या तसे लावायचे का? २०१८ मध्ये भारतातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला होता, त्यात आमचा उत्तर गोवाही होता. त्यात जन्मवेळी गुदमरण्याचा संबंध निघाला होता, असं आठवतं.

दाभण
हुमण, मुद्दा रास्त आहे. पण तो संबंध मेंदूच्या विकासाच्या एकूण अडचणींशी होता: सेरेब्रल पाल्सी, फिट्स, ऐकू कमी येणं, मतिमंदत्व, ऑटिझम, सगळं मिळून. ऑक्सिजन खरोखर फार कमी पडला की मेंदूला इजा होते, यात वादच नाही. अशा बाळाला बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच फिट्स येतात, ते मलूल असतं, अंग ढिलं पडतं, आणि पुढे हातापायांत कडकपणा दिसतो. कोरांटीताई, तुमचा मुलगा वेळेवर चालला का? डिस्चार्ज कार्डावर फिट्स किंवा 'एचआयई' (ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा) असं काही लिहिलंय का? आणि काविळीचा सर्वांत जास्त आकडा किती होता? घरातल्या भांडणापेक्षा तो कागद जास्त सांगेल. फॉर्मवर हे सगळं विचारतात ते यासाठी, तुम्हाला दोषी धरायला नाही.

साखरआंबा
माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ऑटिझम आहे. बाळंतपण इतकं सोपं की सुईण सुट्टीवर गेली असती तरी चाललं असतं. धाकटा आठव्या महिन्यातला, काचेत राहिलेला, तो वर्गात बडबड करतो म्हणून रोज शिक्षा खातो. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, माहीत आहे. पण तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा.

आणि त्या मुक्या बापाच्या गोष्टीकडे जरा लक्ष द्या. थट्टा नाही करत. आमच्या घरी चुलत सासरे 'विक्षिप्त' म्हणून प्रसिद्ध होते, निदानानंतर त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांचा अभ्यास आला, त्यात ऑटिझम असण्या-नसण्यातला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिकतेकडे जातो असं निघालं. आता हे बापाच्या माथी मारू नका म्हणजे झालं. पूर्वी तर आई थंड वागते म्हणून ऑटिझम होतो, असं चांगले शिकलेले लोक छापून सांगत.

दुसऱ्या मुलाचं: मोठ्याला असेल तर धाकट्यालाही असण्याचं प्रमाण साधारण पाचात एक धरतात. आधी जेनेटिक्सवाल्यांकडे जाऊन मायक्रोअ‍ॅरे आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय तपासण्यांबद्दल विचारा. आणि बेरा टेस्ट (ऐकण्याची तपासणी) झालीय का? काचेत राहिलेलं, कावीळ झालेलं मूल हाकेला बघत नसेल तर कान तपासायलाच हवेत, ऑटिझमचं निदान झालेलं असलं तरी.

जयमल्हार_७७
माझ्या मित्राच्या मुलाला स्टेम सेल दिल्या, खूप फरक पडला. ऑक्सिजन कमी पडून मेलेल्या पेशी परत येतात. नंबर हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दाभण
नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर रीतसर चाचणीबाहेर स्टेम सेल उपचार म्हणून देता येत नाहीत. ऑटिझम त्यात नाही. तेच पैसे ओटीला लावा.

तारीख_पे_तारीख
केसबद्दल. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. निदान आत्ता झालं म्हणून मुदत आत्तापासून मोजा, असा युक्तिवाद होऊ शकतो, पण सोपा नाही. त्यापेक्षा अवघड म्हणजे सीझरला झालेला उशीर आणि ऑटिझम यांचा संबंध सिद्ध करणं. वर दाभण यांनी लिहिलंय तेच समोरचा वकील वाचून दाखवेल. मी तरी या केसला हात घालणार नाही.

केस करा न करा, कागद मात्र या आठवड्यात मागा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तुमची तीन वर्षं भरत आलीत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. इनडोअर पेपर्स आणि ठोक्यांच्या ग्राफची पट्टी असं स्पष्ट लिहा, नुसतं डिस्चार्ज कार्ड देऊन बोळवण करतात.

कोरांटी
सगळ्यांचे आभार. कार्ड सापडलं. फिट्स नाहीत, एचआयई असं काही लिहिलेलं नाही. अपगार पहिल्या मिनिटाला ५, पाचव्याला ८. काविळीचा आकडा पुसट झालाय, वाचता येत नाही. चालला तेराव्या महिन्यात, आता तर खिडकीच्या गजांवर चढतो. बेरा झालेली नाही, कोणी सुचवलीच नव्हती. अर्ज उद्या नवरा देऊन येईल. केसचा विषय त्याने अजून सोडलेला नाही, पण तारीख_पे_तारीख यांचा प्रतिसाद दोनदा वाचून गप्प बसलाय.

आम्ही नाशिकला असतो. बेरासाठी मुलाला झोपवावं लागतं म्हणे आणि हा दुपारी अजिबात झोपत नाही. सिव्हिलच्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या केंद्रात) कोणी करून घेतलीय का? झोपेचं औषध देतात की रात्री जागवून न्यायचं?