नजर अधू झाल्यावर दिसणारी माणसं येतात कुठून?

चौकस:
७८ वर्षांच्या आजी, दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, मधला भाग झिजणं). संध्याकाळी भिंतीवर जाळीची नक्षी दिसते, कधी टोपी घातलेली बुटकी माणसं. आवाज अजिबात नाही. हिशेब, बोलणं, आठवण सगळं ठीक. शेजारपाजारचे बाधेपासून वेडापर्यंत काहीबाही सुचवतात. मेंदू हे घडवतो कसं? आणि डोळे मिटून कल्पना केलेला माणूस असा समोर उभा राहत नाही, मग हा का राहतो?

दृष्टिपटल:
वर्णन शार्ल बोने सिंड्रोमशी जुळतं, म्हणजे नजर अधू झाल्यावर, बुद्धी शाबूत असताना होणारे दृश्यभास. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हेच लिहिलं होतं: मोतीबिंदूने नजर गेलेली, बुद्धी शाबूत, आणि समोर माणसं, पक्षी, इमारती.

दोरीला साप समजणं वेगळं, तिथे दोरी तरी असते. इथे बाहेर काहीच नसतं. दृष्टिपटलाचा मधला भाग निकामी झाला की मेंदूच्या दृष्टिकेंद्राकडे येणारे संदेश आटतात. तिथल्या पेशी गप्प बसत नाहीत, उलट जास्त संवेदनशील होऊन आपणहून संदेश सोडू लागतात. कोणत्या भागातल्या पेशी जाग्या होतात त्यावर चित्र ठरतं. रंग ओळखणारा भाग असेल तर रंग, चेहरे ओळखणारा असेल तर चेहरे. भास होत असतानाच्या एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या) तपासणीत हा मेळ दिसला आहे.

कल्पना आपण मुद्दाम करतो, म्हणून ती आपली वाटते. भास न बोलावता येतो, आणि ज्या भागांतून खरं दृश्य उमटतं तिथूनच येतो. म्हणून तर खऱ्या माणसाचा चेहरा धूसर दिसणाऱ्याला भासातल्या टोपीची शिवण स्पष्ट दिसते. ही विसंगती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चौकस:
बुटकी माणसं खोटी हे आजींना कळतं. पण परवा पलंगाखाली मांजर आहे म्हणून दूध ठेवलं. हे बिघडल्याचं लक्षण का?

सांजवात:
एवढ्यावरून नाही. घरात मांजर असू शकते, म्हणून सहज पटतं. दिसणं आणि पटणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. समजावून सांगितल्यावर, हात लावून पाहिल्यावर त्या मानतात का, हे बघा. मानत असतील तर पडताळणी शाबूत आहे.

मंद उजेड आणि शांतता असली की भास वाढतात, म्हणून दिवेलागणीच्या आधीच खोलीतला मोठा दिवा लावा. भास सुरू झाला की डोकं स्थिर ठेवून नजर डावीकडून उजवीकडे, साधारण सेकंदाला एकदा, अशी १५ वेळा फिरवायची. थोडं थांबून पुन्हा. चार-पाच वेळा करून फरक पडला नाही तर त्या वेळी सोडून द्या. उठून दुसऱ्या खोलीत जाणं किंवा भासाकडे हात नेणंही अनेकांना उपयोगी पडतं. वाद घालू नका, हो ला हो पण नको. "मला दिसत नाही, पण तुम्हाला दिसतंय" एवढं पुरे.

नाडीपरीक्षा:
वरचं बरोबर, पण शिक्का मारायची घाई नको. भास एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाले, सोबत गोंधळ किंवा गुंगी असली, तर तो डिलिरियम (आजाराने किंवा औषधाने अचानक आलेला मेंदूचा गोंधळ) असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. वृद्धांमध्ये लघवीचा संसर्ग आणि रक्तातलं सोडियम घसरणं ही नेहमीची कारणं. ट्रायहेक्सिफेनिडिल (कंपवातासाठीची), ऑक्सिब्युटिनिन (वारंवार लघवीसाठीची) यांसारख्या गोळ्यांनीही भास होतात, तेव्हा सगळ्या औषधांची पिशवीच सोबत न्या.

लक्ष कधी नीट तर कधी हरवलेलं, चालणं संथ, अंग ताठर, झोपेत ओरडणं किंवा लाथा मारणं असेल तर लुई बॉडी डिमेन्शियाची (भास आणि कंपवातासारखी लक्षणं असणाऱ्या स्मृतिभ्रंशाची) तपासणी हवी. त्या आजारात हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरच्या औषधाने प्रकृती गंभीर होऊ शकते, म्हणून भास थांबावेत म्हणून कुणाची उरलेली "शांत करणारी गोळी" देऊ नका.