मदत हवी आहे: नव्वदच्या कॅसेटींचा आवाज दबका येतोय, गाणी हळू वाजतायत

वेंगुर्लेकर_०७
नव्वदच्या सिनेमांच्या कॅसेटी लॅपटॉपवर घेतोय. गायक उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. शिवाय गाणी थोडी हळू वाजतात. चतुर्थीला घर भरतं तेव्हा लावायची आहेत. ट्रेबल वाढवून बघितलं, नुसती खरखर वाढली. कुठलं सेटिंग चुकतंय? लवकर सांगा, आणि ‘गुगल कर’ नको.

कुडाळी_टेप
टेप कुठला? वायर कुठून कुठे लावलीय? सगळ्याच कॅसेटी दबक्या की एखादीच? एखादीच असेल तर तिच्यातला पत्र्याच्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळला असणार, त्यामुळे कॅसेटची पट्टी हेडला, म्हणजे ती वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही. सगळ्याच असतील तर दोष टेपमध्ये आहे.

रोजा_फॅन
एवढा खटाटोप कशाला? सगळं ऑनलाइन आहे. आणि नव्वदचं संगीत म्हणजे १९९२ च्या ‘रोजा’नंतरचं. त्याआधी नुसता ढोलक.

वेंगुर्लेकर_०७
ऑनलाइनचं विचारलेलं नाही. मला झंकार बीट्सवाल्याच, म्हणजे गाण्यावर वरून ठोके चढवलेल्याच, हव्यात, घरच्यांना ती टकटक पाठ आहे. टेप दोन कॅसेटींचा, सेलवरही चालणारा. वायर हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या भोकात. सगळ्याच दबक्या.

कुडाळी_टेप
मग तीन वेगळे दोष आहेत, एकेक घ्या.

लॅपटॉपला एकच भोक असेल तर ते हेडसेटचं. त्यातला माइक मोनो असतो आणि आवाज फार ताणून घेतो, म्हणून स्टिरिओ जातो आणि वरचा भाग फाटतो. लाइन-इन, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा आवाज स्टिरिओत घेणारं भोक असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. टेपचा आवाज निम्म्यावर ठेवा, रेकॉर्डिंगची लेव्हल उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वेव्ह फाइल करा, मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. सी-६० ची, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू म्हणजे ३०० एमबी.

दबका आवाज: आधी हेड पुसा. कानाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. रबरी रोलरला ते नको, रबर कडक होतं. त्याला साबणाच्या पाण्याचं ओलसर फडकं. तरी दबका राहिला तर ॲझिमथ, म्हणजे हेडचा तिरपेपणा, जुळवा. हेडच्या दोन स्क्रूंपैकी ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तोच. कॅसेट चालू ठेवून अगदी हळू फिरवा, पाव फेऱ्याच्या पलीकडे नाही. घुंगरू, खंजिरी जिथे सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबा.

हळू वाजणं: टेपमधला मोटरचा रबरी बेल्ट सैल झालाय. आपल्याकडच्या दमट हवेत जुने बेल्ट वितळून डांबर होतात. पुलीवरचं काळं पूर्ण पुसल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नका, घसरतो.

रोजा_फॅन
म्हणजे ॲझिमथला ढोलक-बासरीवाली कॅसेटच उपयोगी, हे मान्य. तरी झंकार हा गुन्हाच. मूळ गाण्यावर वरून ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, चढवलेला.

सडा_आणि_सिनेमा
गुन्हा कसला? एसटी स्टँडवरच्या भोंग्यातून मूळ तबला ऐकू तरी आला असता का? झंकार त्या भोंग्यांतूनच खुलायचा. आणि नव्वद म्हणजे १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’. संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे आपले विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या सिनेमांतून आलेले. १४ गाणी एका सिनेमात!

मालवणी_रिवाइंड
गाण्यांचा ऱ्हवांदे. व्हीसीआरच्या कॅसेटी असतील तर कॅप्चर करताना ‘पाल’ ही आपल्याकडची टीव्हीची पद्धत निवडा, ६२५ रेषा, २५ फ्रेम. अमेरिकेची ‘एनटीएससी’ ठेवलीत तर चित्र काळंपांढरं येईल नाहीतर उड्या मारेल. दूरदर्शनवरून टेप केलेलं सगळं पालच. मेट्रो चॅनलचा गाण्यांचा कार्यक्रम ‘सुपरहिट मुकाबला’ असेल तर जाहिरातींसकट ठेवा, खरं नव्वद त्यातच आहे.

वेंगुर्लेकर_०७
व्हीसीआर नाहीच आहे हो. हेड पुसलं, काडी तपकिरी झाली. आवाज बराच उघडला, पण दोन कॅसेटींनंतर परत दबला. कॅसेटींवर पांढरी भुकटी आहे, तिचा काही संबंध?

कुडाळी_टेप
हे आधी सांगायचं! ती बुरशी आहे. ताबडतोब थांबा. एका कॅसेटची बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते.

सडा_आणि_सिनेमा
तांदळाच्या डब्यात ठेवा दोन दिवस, ओल शोषून घेतो.

कुडाळी_टेप
तांदूळ नको, त्याची पूड आत जाते. स्टीलच्या घट्ट डब्यात सिलिका जेल, दोन-तीन दिवस. सुकलेली बुरशी सुटी होते. मग एखाद्या भंगार टेपवर, अंगणात, तोंडाला फडकं बांधून, फास्ट फॉरवर्ड करताना पट्टीला कोरडं मऊ कापड हलकं टेकवा. उन्हात वाळवू नका, कवच वाकतं.

मालवणी_रिवाइंड
कोरड्याने काय जाता? स्पिरिट लावा.

कुडाळी_टेप
स्पिरिट हेडला. पट्टीला लावलंत तर वरचा थर सुटायची भीती. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडून आतले पातळ कागदही पुसा, चिकटवलेलं असेल तर कडेने ब्लेड घालावं लागेल.

वेंगुर्लेकर_०७
ठीक, डबा भरतो. बेल्ट मिळाला, बसवला. अजून किंचित हळूच आहे.

कुडाळी_टेप
मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. पाच मिनिटांचं गाणं ५:१८ ला संपत असेल तर सहा टक्के हळू, म्हणजे काळी दोनचं गाणं पांढरी दोनमध्ये. पेटी जवळ ठेवा आणि स्क्रू केसभर फिरवत जा. कुठल्या बाजूला फिरवल्यावर वेग वाढतो ते मोटरवर अवलंबून.

रोजा_फॅन
पेटीला काय मिळवणार? झंकारवाल्या काही कॅसेटींत गाणंच मुळापेक्षा जलद केलेलं असायचं. वेग जुळवायला साधी कॅसेट घ्या.

वेंगुर्लेकर_०७
साधी एकच आहे. ‘रोजा’.