नाइटफायरच्या पीसी सीडीत पॅरिसवाली गाडी का नाही?

रामबागकर:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना सीपीयू निघाला, एक्सपीवाला, आणि चक्क चालू झाला. सोबत सीड्यांचा डबा, त्यात जेम्स बॉन्डचा गेम नाइटफायर. भाचा नववीत आहे, त्याला मी केव्हाचं सांगत होतो की बघ, सुरुवातच पॅरिसमध्ये होते, न्यू इयरची रात्र, अ‍ॅस्टन मार्टिन घेऊन ट्रकच्या मागे लागायचं, आयफेल टॉवर दिसतो. लावला तर गाडीच नाही! तीन दिवस बसून पूर्ण खेळलो, ऑस्ट्रियातला किल्ला आहे, जपान आहे, पण गाडी चालवायचं एक मिशन नाही. तेव्हा जेल रोडच्या एका दुकानातून घेतली होती, फुल व्हर्जन आहे म्हणून सांगितलं होतं. अर्धवट कॉपी गळ्यात मारली का? की मलाच चुकीचं आठवतंय?

तुकोगंज_००७:
दादा, सीडी पूर्ण आहे, आणि तुम्हाला आठवतंय तेही बरोबर आहे. २००२ मध्ये नाइटफायर नावाचे दोन वेगवेगळे गेम आले असंच समजा. पीएस-टू (प्लेस्टेशन २), एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या टीव्हीला जोडायच्या कन्सोलचा युरोकॉम कंपनीने बनवला, पीसीचा गिअरबॉक्स कंपनीने, तोही हाफ-लाइफ या गेमच्या इंजिनवर (म्हणजे त्याच्या मूळ सॉफ्टवेअरवर). गोष्ट साधारण तीच पण मिशन वेगळे, आणि ड्रायव्हिंग पीसीवर ठेवलंच नाही. पॅरिसचा पाठलाग, पुढे तीच अ‍ॅस्टन मार्टिन व्हँक्विश पाण्याखाली पाणबुडी होते तो भाग, सगळं कन्सोलवरच. म्हणजे तुम्ही कुठेतरी पीएस-टूवर खेळलेले आहात, आठवून बघा.

आणि तो एक्सपीवाला सीपीयू भंगारात देऊ नका हो प्लीज. त्या काळच्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्कचं कॉपी न होऊ देणारं लॉक असायचं, विंडोज १० पासून ते चालतच नाही, ओरिजिनल सीडी हातात असून गेम सुरू होत नाही.

स्प्लिटस्क्रीन_ताई:
नाइटफायरचं नाव वाचूनच छान वाटलं. आमच्याकडे राजेंद्र नगरला उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघं भावंडं एका टीव्हीवर खेळायचो, स्क्रीनचे चार तुकडे, स्कायरेलचा बर्फाचा मॅप, आणि कोण कुठे लपलंय ते दुसऱ्याच्या कोपऱ्यात बघून घ्यायचं, त्यावरून रोज भांडण. आई पोहे घेऊन आली की पॉज, पण पॉज कोणी केला यावरूनही भांडण. हा चौघांचा खेळ मुळात १९९७ च्या गोल्डनआयपासून, निन्टेंडो ६४ वरचा, आणि गंमत म्हणजे त्यातला मल्टिप्लेअर तो बनवणाऱ्या रेअर कंपनीच्या टीमने अगदी शेवटी-शेवटी घातला होता, टीममधल्या बऱ्याच जणांचा तर तो पहिलाच गेम. तरी माझ्या मते एकट्याने खेळायला सगळ्यात भारी बॉन्डचाच दुसरा गेम, एव्हरीथिंग ऑर नथिंग. त्यात सिनेमातला बॉन्ड पिअर्स ब्रॉस्नन याचा चेहरा आणि आवाज दोन्ही खरे आहेत, नाइटफायरमध्ये चेहरा त्याचा पण आवाज दुसऱ्याचा. सिनेमात तो डाय अनदर डे नंतर बॉन्ड म्हणून आलाच नाही, म्हणून मी तरी एव्हरीथिंग ऑर नथिंगच त्याचा शेवटचा सिनेमा मानते.

रामबागकर:
आठवलं!! सुदामा नगरला मावसभावाकडे पीएस-टू होता, तिथेच खेळलो. इतकी वर्षं मी उगाच त्या दुकानदाराला बोल लावत होतो. मग हा कन्सोलवाला आता ऑनलाइन विकत मिळेल का? भाच्याला पाहिजेच आहे.

तुकोगंज_००७:
नाही मिळत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. बॉन्डचे गेम बनवायचे हक्क आधी ईए या गेम कंपनीकडे होते, २००६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन या दुसऱ्या कंपनीने घेतले, लायसन्स संपलं की गेम दुकानातून गायब. क्वांटम ऑफ सोलेस, ब्लड स्टोन हे बॉन्डचे गेमसुद्धा २०१३ च्या सुरुवातीला स्टीम या ऑनलाइन दुकानातून काढले. लोकांनी इतकी मेहनत करून बनवलेली गोष्ट कागदपत्रांपायी नव्या पोरांना खेळायलाच मिळू नये, हे पटत नाही. जुना गोल्डनआय तेवढा जानेवारी २०२३ मध्ये निन्टेंडो स्विच आणि एक्सबॉक्सवर परत आला. बाकीच्यांसाठी जुनी डिस्क शोधणं हाच रस्ता, आधी मावसभावालाच विचारा ना.

रामबागकर:
केला फोन. पीएस-टू आहे, नाइटफायरची डिस्कपण आहे, एका कंट्रोलरची वायर मुळाशी उघडी पडलीय तेवढी टेप लावून घेतो म्हणाला. रविवारी भाच्याला घेऊन जातोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

स्प्लिटस्क्रीन_ताई:
मेमरी कार्ड आहे का तेही विचारून ठेवा, नाहीतर दर वेळी पॅरिसपासूनच सुरू करावं लागेल.