दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर ऑइल : प्लग बदलून भागेल की इंजिन उघडावं लागेल?

नमस्कार मंडळी, चाळीसगावहून लिहितोय. छोटी पेट्रोल गाडी आहे, ४ सिलिंडर, बाराशे सीसी, ९२ हजार किलोमीटर झालेत. प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीसाठी व्होल्टेज देणारी वेगळी कॉइल बसते.

आईच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन असतं. त्यासाठी संभाजीनगरला जावं लागतं, म्हणजे कन्नडचा घाट चढणं आलंच. भडगाव-पाचोऱ्याकडे सपाटीला गाडी काही कुरकुर करत नाही. घाटाला लागलो की तिसऱ्या गियरमध्ये हिसके मारते, पिकअप मरतो आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. मागच्या खेपेला मागे भरलेले ट्रक, पुढे वळण, आणि गाडी ओढेना. दुसरा गियर टाकून कसाबसा वर पोचलो. आई मागे डोळ्यांवर पदर घेऊन बसली होती. तिला काही बोललो नाही, पण स्टेअरिंगवर हात घामेजले होते.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०३०२ कोड आला, म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग, त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. मिस्तरीने तेवढा एकच प्लग काढला, आटे तेलकट बघितले आणि म्हणाला, "भाऊ, पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली.

रविवारी पहाटे, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, चारही प्लग स्वतः काढले. खाचांमध्ये शेतरस्त्याची काळी माती बसली होती, ती आधी हवा मारून उडवली. १, ३ आणि ४ नंबरचे प्लग फिकट विटकरी रंगाचे, पण कोर झिजून गोल झालीय. फीलर गेजने गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.४ मिमी भरला. माझ्या गाडीच्या पुस्तकात १.० ते १.१ लिहिलाय. २ नंबरच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खाचेत, अर्धा चमचा तरी ऑइल साचलं होतं. पांढऱ्या चिनीमातीवर तेल, आट्यांवर तेल, कॉइलचं रबर फुगून मऊ पडलेलं. पण खालचं टोक कोरडं होतं, थोडी काजळी तेवढी. याचाच मला उलगडा होत नाहीये. रिंगा गेल्या असत्या तर टोकही ओलं नको का? धूर निघत नाही, ऑइलची पातळीही फारशी उतरलेली नाही.

शिवाय साधे निकेलचे घ्यावेत की इरिडियमचे? आणि टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) नाही, तर प्लग किती आवळायचा? हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्याची धास्ती वाटते.

धुळ्याहून :
दादा, तुमची शंका रास्त आहे. इंजिन उतरवायला इतक्यात हो म्हणू नका. विहिरीतलं ऑइल वरून येतं. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरखाली प्लगच्या नळीभोवती रबरी सील असतं. ते वर्षानुवर्षं तापून कडक होतं, आणि आपल्याकडचा मे महिना तर विचारूच नका. मग ऑइल हळूहळू विहिरीत झिरपतं. रिंगा किंवा वॉल्व्हची सीलं गेली असती तर तेल आतून आलं असतं आणि टोक काळं, ओलं, चिकट दिसलं असतं.

घाटातच मिसिंग का होतं, तेही सांगतो. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण दाबलं जातं. त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. तुमचा गॅप वाढलेला, त्यात रबर तेलाने खराब. मग करंट टोकापर्यंत जाण्याऐवजी चिनीमातीवरून घसरून बाहेरच हेडला लागतो.

खात्री करायची असेल तर २ नंबरची कॉइल ३ वर आणि ३ ची २ वर लावा. प्लग हलवू नका. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचा किंवा तिच्या रबराचा. जागेवरच राहिला तर प्लग बघा, आणि तरीही नाही सुटलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. आकडा न बघता रिंगा गेल्या म्हणणं मला पटत नाही.

पुढच्या वेळी प्लग काढण्याआधी विहिरीतलं ऑइल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरतं.

भुसावळहून :
आवळण्याबद्दल मी सांगतो, कारण माझ्या मेव्हण्याने घाईत पाना लावून हेडचे आटे घालवले होते. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवा आणि बोटांनीच फिरवा. आटे तिरपे लागले तर नळी घसरते, हेडला इजा होत नाही. हाताने पूर्ण टेकला की मग पाना लावून अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. हे वॉशर असलेल्या नव्या प्लगसाठी. जुनाच परत बसवत असाल तर जेमतेम बारावा भाग, कारण वॉशर आधीच चेपलेलं असतं. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, हाताला अंदाज येत नाही आणि जास्त आवळला जातो.

निकेल की इरिडियम, तर पुस्तकात जो नंबर दिलाय तोच घ्या. साधा प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियम लाखाच्या आसपास. इरिडियमचा गॅप ठोकून-वाकवून बदलू नका, बारीक टोक तुटतं. आणि चारही एकदम बदला.

एक कळकळीने सांगतो, दिवा लुकलुकत असताना घाट चढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो आतून वितळतो. त्यापुढे प्लगचा खर्च काहीच नाही.

धागाकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी कॉइलींची अदलाबदल केली आणि गावाबाहेरच्या पुलाच्या चढावर चौथ्या गियरमध्ये जोर देऊन बघितली. दिवा लुकलुकला आणि कोड आला पी०३०३! किती बरं वाटलं म्हणून सांगू. आईला आधी सांगितलं, मग इथे लिहायला बसलो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, नळ्यांची सीलं आणि ४ निकेलचे प्लग सांगून ठेवलेत. फक्त एक विचारायचं राहिलं. कॉइल पूर्ण बदलू की नुसतं रबर वेगळं मिळतं? दुकानदार म्हणतो अख्खी घ्या.

धुळ्याहून :
काही गाड्यांना रबर आणि आतली स्प्रिंग वेगळी मिळते. कॉइलवरचा नंबर घेऊन दुसऱ्या दुकानात विचारा. कॉइलच्या अंगाला तडा दिसत असेल तर मात्र रबरावर भागवू नका. आणि आधी सीलं बदला, मग कॉइल. नाहीतर नवं रबरही महिन्याभरात फुगेल.

धागाकर्ता :
बरं. सामान गुरुवारी येतंय, इंजेक्शन मंगळवारी आहे. यावेळी आईला एसटीनेच नेतो.