घरं विकून कर्जमुक्त झालेलं शहर: शहाणपण की उतावळेपणा?

उंबरठा

सरकारी कर्जाचा विषय निघाला की कुणीतरी 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' म्हणतंच. म्हणून म्हटलं, पाय पसरायला नकोत म्हणून ज्याने अंथरूणच विकलं अशा एका शहराबद्दल बोलू या.

जर्मनीतलं ड्रेस्डेन. मार्च २००६ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने पालिकेच्या मालकीची गृहनिर्माण कंपनी, सुमारे ४८ हजार भाड्याच्या घरांसकट, एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकून टाकली. त्या कंपनीवरचं कर्ज वजा जाता शहराच्या हाती साधारण ९८ कोटी युरो पडले. त्यातून शहराने स्वतःची सगळी देणी फेडली. कर्जमुक्त झालेलं हे जर्मनीतलं पहिलं मोठं शहर. गंमत म्हणजे विक्रीच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत डाव्या पक्षाचे बरेच नगरसेवकही होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्याच फ्रायबुर्ग शहरालाही हेच करायचं होतं. महापौर हरित पक्षाचा, कारण तेच: तिजोरीत खडखडाट. तिथे नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमत घ्यायला लावलं आणि सुमारे ७० टक्के मतं विक्रीच्या विरोधात पडली. घरं वाचली.

आणि बर्लिन. २००४ मध्ये या शहर-राज्याने आपली ६५ हजार घरांची कंपनी ४० कोटी ५० लाख युरोंना विकली. भागून बघा, घरामागे सव्वासहा हजार युरो पडतात. पुढे २०२१ मध्ये त्याच बर्लिनच्या सरकारी कंपन्यांनी बाजारातून १४,७५० घरं परत विकत घेतली. किंमत २४६ कोटी युरो, म्हणजे घरामागे जवळजवळ एक लाख ६७ हजार.

माझं म्हणणं एवढंच: असं कर्ज फिटत नाही, ते फक्त पत्ता बदलतं. आधी ते पालिकेच्या वहीत होतं, मग भाडेकरूच्या खिशात गेलं आणि शेवटी दामदुपटीने पालिकेकडेच परत आलं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

ताळेबंद

पटत नाही, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे सव्वासहा हजारांचा आकडा दिशाभूल करणारा आहे. तुम्ही जाणूनबुजून केलं असं म्हणत नाही, सगळेच तो असाच फेकतात. बर्लिनच्या त्या कंपनीवर सुमारे १५६ कोटी युरोंचं कर्ज होतं आणि ते खरेदीदाराने स्वतःच्या अंगावर घेतलं. म्हणजे खरी किंमत १९६ कोटींच्या वर. घरामागे ३० हजार. ड्रेस्डेनच्या हिशेबात कंपनीचं कर्ज तुम्ही वजा करून दाखवलंत, मग बर्लिनच्या हिशेबात ते गिळून का टाकलंत?

दुसरं, तेव्हाचं बर्लिन आठवा. २००१ मध्ये सरकारी मालकीच्या बँकेचा घोटाळा फुटला, शहरावरचं कर्ज सहा हजार कोटी युरोंच्या घरात गेलं. तेव्हाचा महापौर 'करकर वाजेपर्यंत काटकसर' म्हणत होता. केंद्राने मदत करावी म्हणून बर्लिन घटनात्मक न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये तिथेही हरलं. वर शहरात सुमारे एक लाख घरं रिकामी पडलेली. ड्रेस्डेनमध्येही तीच गत, पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर माणसं पश्चिमेकडे निघून गेली होती. रिकाम्या घराला रंग लागतो, छप्पर लागतं, पाइप फुटतात. ज्याला गिऱ्हाईक नाही ती मालमत्ता कसली, तो पांढरा हत्ती. वीस वर्षांनी भाव चढला म्हणून तेव्हा विकणाऱ्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे.

तिसरं म्हणजे व्याज. व्याजापोटी गेलेल्या युरोतून एकही वीट रचली जात नाही. काटकसरीला निर्दय म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की व्याजाला ते काय म्हणतात.

उंबरठा

कर्ज धरायला हवं होतं. चूक मान्य.

तर आता तुमचाच ३० हजारांचा आकडा घेऊ. वर्षाला चार टक्के चक्रवाढ व्याज वाचलं असं धरलं तरी १७ वर्षांत त्याचे ५९ हजारांच्या आसपास होतात. परत घेताना मोजले एक लाख ६७ हजार. मधल्या लाखाचं काय करायचं?

ताळेबंद

त्यातून १७ वर्षांची दुरुस्ती वजा करा. खिडक्या, लिफ्ट, छपरं. आणि तीच घरं परत घेतली असंही नाही, कुठली इमारत, कुठला भाग, यावर भाव ठरतो. तरी फरक उरेल, नाही म्हणत नाही. पण 'दामदुपटीने' हा शब्द मागे घ्या.

उंबरठा

घेतला. उरलेलं दुखणं मात्र माझ्याकडेच राहू द्या.

चिमटा

दोघांचं गणित चांगलं आहे. भाडेकरूला कुणी विचारलं का?

पागोळी

मला विचारा. मी ड्रेस्डेनमध्ये सहा वर्षं भाड्याने राहिले, अशाच एका विकल्या गेलेल्या इमारतीत. मी गेले तेव्हा विक्रीला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे आधीचं सगळं शेजाऱ्यांकडून ऐकलेलं.

विक्रीच्या करारात भाडेकरूंसाठी अटी होत्या. भाडेवाढीला मर्यादा, वयस्कर भाडेकरूंना घराबाहेर काढता येणार नाही, वगैरे. अटी पाळल्या नाहीत म्हणून शहराने पुढे खरेदीदारांच्या कंपनीवर दावाही ठोकला आणि २०१२ मध्ये तडजोड केली. त्यामुळे 'विकलं आणि लोक रस्त्यावर आले' असं काही माझ्या जिन्यात तरी झालं नव्हतं. उंबरठा, हे तुमच्या विरोधात जातं, पण खरं आहे.

पण मूळ भाड्यावर नजर ठेवली की त्रास दुसऱ्या दाराने येतो. जर्मनीत भाड्याबरोबर नेबेनकोस्टेन नावाचा प्रकार असतो: हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई, कचरा, बर्फ काढणं. दरमहा अंदाजे रक्कम घेतात आणि वर्षाचा हिशेब नंतर येतो, कधीकधी वर्षभराने. आमच्याकडे पूर्वी एक हाउसमाइस्टर असायचा, इमारतीची देखभाल करणारा, तळमजल्यावरच राहणारा. तो गेला, त्याच्या जागी कॉल सेंटरचा नंबर आला. देखभालीचं बिल मात्र वाढलं. एका वर्षी मला ज्या हिवाळ्यात बर्फच पडला नव्हता त्याचं बर्फ काढल्याचं बिल आलं. भाडेकरू संघाकडे गेले, पत्रं लिहिली, पैसे परत मिळाले. जर्मन येत नसतं तर भरून मोकळी झाले असते. समोरच्या आजी भरूनच मोकळ्या झाल्या होत्या.

चिमटा

न पडलेल्या बर्फाचं बिल! यापुढे 'खर्चकपात' या शब्दाची व्याख्या कुणी विचारली तर हेच सांगणार.

ताळेबंद

पागोळी, अनुभव वाईट आहे, पण दोष मालकाचा की मालकीचा? सरकारी किंवा धर्मादाय मालक सज्जन असतो हे कुणी सांगितलं? 'नॉये हायमाट' आठवतंय का? पश्चिम जर्मनीतली कामगार संघटनांची गृहनिर्माण संस्था, युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. १९८२ मध्ये उघडकीला आलं की तिचे वरिष्ठ अधिकारी भाडेकरूंच्याच जिवावर गबर होत होते. संस्था कर्जात इतकी बुडाली की १९८६ मध्ये ती बर्लिनच्या एका पाववाल्या कारखानदाराला एक मार्कला विकली. एक मार्क! काही आठवड्यांत तो व्यवहार फिरवावा लागला ही गोष्ट वेगळी. सामाजिक घरांना मिळणारी कायमची करसवलत १९९० मध्ये गेली ती याच बदनामीच्या जोरावर.

आणि स्वस्त घरात नक्की राहतं कोण? जर्मनीत अनुदानित घरासाठी उत्पन्नाचा दाखला घरात शिरताना दाखवायचा असतो. नंतर पगार तिप्पट झाला तरी तुम्हाला कुणी हलवत नाही. म्हणून काही राज्यांत जास्त कमावणाऱ्यांवर 'फेलबेलेगुंग्सआबगाबे' नावाची आकारणी होती, बहुतेकांनी ती सोडून दिली, हेसनने २०१६ मध्ये परत आणली. गरजू माणूस रांगेत आणि बऱ्या पगाराचा आत. त्यापेक्षा घरं विका आणि गरजूच्या हातात थेट पैसे द्या. घराला अनुदान देण्यापेक्षा माणसाला द्यावं.

उंबरठा

माणसाला द्या, मान्य. पण ते पैसे माणसाच्या हातात थांबतात किती वेळ? महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाकडे जातात. घरं कमी आणि भत्ता जास्त असेल तर भाडं चढतं आणि पुढच्या वर्षी भत्ता वाढवावा लागतो. ज्या कपातीने कर्ज कमी करायचं होतं तीच दरवर्षीचा खर्च होऊन बसते. घर विकल्याचा पैसा एकदाच मिळतो, भत्ता मात्र कायमचा द्यावा लागतो.

जर्मनीत १९९० च्या सुमारास साधारण तीस लाख अनुदानित घरं होती. आज अकरा लाखांच्या आसपास. पाडली नाहीत. तिथे अनुदानाची अट ठरावीक वर्षांसाठीच असते, मुदत संपली की तेच घर बाजारभावाने जातं. सूर्य मावळावा तशी ती मावळत गेली, कुणी मतदान केलं नाही, कुणी मोर्चा काढला नाही.

तुमचा फेलबेलेगुंगचा मुद्दा मात्र चोख आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच म्हणेन की सगळ्या बऱ्या पगाराच्या लोकांना बाहेर काढलं तर उरते ती गरिबांची वेगळी वस्ती, आणि तीही कुणाला नको असते.

दीडशहाणा

मला घरांपेक्षा मतदारांची मौज वाटते. २००१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सरकारी कर्जाला लगाम घालणाऱ्या घटनादुरुस्तीवर मतदान झालं, जवळजवळ ८५ टक्के लोक 'हो' म्हणाले. २००६ मध्ये पलीकडच्या फ्रायबुर्गात ७० टक्के लोकांनी कर्ज फेडायला घरं विकू नका म्हणून सांगितलं. २०२१ मध्ये बर्लिनमध्ये वैध मतांपैकी ५९ टक्के मतं मोठ्या कंपन्यांची घरं सरकारने नुकसानभरपाई देऊन ताब्यात घ्यावीत या बाजूने पडली. भरपाई कुठून देणार हे मतपत्रिकेवर नव्हतं.

देश वेगळे, मतदार वेगळे, हे कळतं मला. पण कर्जही नको आणि कपातही नको, ही भूमिका कुठल्याही देशात बहुमतात असते. अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत १९८० च्या दशकापासून दिसलंय: सरकार 'वेल्फेअर'वर फार कमी खर्च करतं का असं विचारलं तर जेमतेम पाव हिस्सा लोक हो म्हणतात, आणि 'गरिबांना मदत' म्हटलं की तेच साठ टक्क्यांच्या वर जातं. पैसा तोच, माणसंही तशीच, शब्द बदलला.

तेव्हा जनमत आपल्या बाजूने आहे असं कुणीच म्हणू नये. आधी विचारावं, प्रश्न काय होता?

ताळेबंद

हे आवडलं. राजकारणीही मतदारांचेच भाऊबंद. जर्मनीने २००९ मध्ये कर्जावरचा लगाम थेट घटनेत घातला. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत जो पक्ष तो लगाम हवाच म्हणून प्रचार करत होता, त्यानेच निवडून आल्यावर मार्चमध्ये घटना बदलून संरक्षण खर्चाला वाट काढली आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा निधी उभारला. मी काटकसरवाला आहे, पण त्या दिवशी मला माझ्याच बाजूची लाज वाटली. पूल मोडकळीला येईपर्यंत काटकसर केली तर तीही उधारीच, फक्त बँकेऐवजी पुलाकडून घेतलेली.

उंबरठा

अहो, मग पुलाला लागू तेच घराला का नाही?

ताळेबंद

कारण पूल बाजारात भाड्याने मिळत नाही. घर मिळतं. खासगी माणूस जे बांधू शकतो त्यासाठी सरकारने कर्ज काढू नये, एवढीच माझी रेघ. पण ड्रेस्डेनने सगळीच्या सगळी विकायला नको होती, इथपर्यंत मी येतो. दहा-पंधरा हजार हाताशी ठेवली असती तर पुढे २०१७ मध्ये पहिल्यापासून नवी पालिका कंपनी काढायची वेळ आली नसती.

चिमटा

नवी कंपनी काढली? म्हणजे अंथरूण परत विणायला घेतलं?

पागोळी

हो. मी सोडलं तेव्हा तिची पहिली घरं नुकतीच होत होती, अर्ज करणाऱ्यांत माझी एक सहकारी होती. तिला मिळालं नाही.

फ्रायबुर्गचं पुढे काय झालं तेही सांगते. २०१९ मध्ये तिथे पुन्हा सार्वमत झालं, डिटेनबाख नावाची सहा हजारांवर घरांची नवी वसाहत उभारावी का यावर. निम्मी घरं अनुदानित. सुमारे ६० टक्के लोक हो म्हणाले. विरोधात कोण होतं माहितीये? ज्यांची जमीन जाणार होती ते शेतकरी, आणि झाडं वाचवणारे.

ताळेबंद

म्हणजे २००६ चे सत्तर, त्यातले दहा टक्के कुठे गेले?

दीडशहाणा

प्रश्न वेगळा होता.